सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख पुढे पुढेच जातेय, रांग कमी व्हायला निवेदनात नेमकं काय मागायचं?

धनकवडीकर

नमस्कार मंडळी. वडिलांना हर्निया आहे, पुण्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात दाखवलंय. डॉक्टर चांगले आहेत, नीट समजावून सांगतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ऑपरेशन ठरलं, तपासण्या झाल्या, तारीख मिळाली, पण तारीख आली की काहीतरी होतंच. एकदा ॲडमिट झाले, रात्रीपासून उपाशी, आणि दुपारी कळलं की इमर्जन्सी केसेस आल्या, आज होणार नाही. पुढच्या वेळी बीपी वाढलेलं निघालं म्हणून भुलीच्या मॅडमनी परत पाठवलं. आता पुन्हा ओपीडीत या, मग बघू म्हणतात. वडिलांचा भाजीचा गाळा आहे, क्रेट उचलताना एका हाताने जांघ दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने उचलतात, ते बघवत नाही.

वॉर्डात बघितलं तर आमच्यासारखे बरेच जण होते. कुणाचं पित्ताशय, कुणाची पिशवी काढायची, एका आजोबांचा खुबा. प्रत्येकाची तारीख कधी ना कधी पुढे गेलेली. आमच्या भागातले काही जण मिळून नगरसेवक आणि आमदारांना निवेदन द्यायचं म्हणतोय. पण "डॉक्टर वाढवा, नवीन बिल्डिंग द्या" एवढंच लिहून काही होईल असं वाटत नाही. आतली माहिती असणाऱ्यांनी सांगा, गाडी अडते कुठे? आणि वडिलांसाठी आत्ता काय करता येईल तेही सांगा.

ओटीवाल्या सिस्टर

दादा, मी सरकारी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे. बाहेरून सगळ्यांना वाटतं की सर्जन कमी म्हणून रांग. सर्जन कमी आहेतच, पण सर्जन हात धुवून उभा आहे आणि ऑपरेशन होत नाहीये असं मी कितीतरी वेळा बघितलंय. टेबल चालायला भूलतज्ज्ञ लागतो, सिस्टर लागते, टेक्निशियन लागतो, पेशंट वॉर्डातून आणायला मामा (वॉर्डबॉय) लागतात, धुतलेलं लिनन (चादरी-गाऊन) लागतं, ऑटोक्लेव्ह झालेला म्हणजे वाफेने निर्जंतुक केलेला हत्यारांचा सेट लागतो. यातलं एक जरी नसेल तरी सगळे बसून राहतात. दुर्बिणीची ऑपरेशनं चार लावली आणि सेट एकच असला तर प्रत्येक केसनंतर तो धुऊन निर्जंतुक होऊन येईपर्यंत टेबल रिकामं. कितीही सर्जन भरा, त्याने हे सुटत नाही.

दुसरं म्हणजे सकाळची पहिली केस. लिस्टवर वेळ एक असते पण कुणाचा रिपोर्ट सापडत नाही, कुणाची सही राहिलेली असते, रक्ताची पिशवी आलेली नसते, आणि पहिली केस उशिरा सुरू झाली की लिस्टमधला शेवटचा माणूस त्या दिवसापुरता गेलाच म्हणून समजा, कारण दुपारी ड्युटी बदलते आणि पुढच्या पाळीत फक्त इमर्जन्सीपुरता स्टाफ असतो. हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध हे बहुतेक वेळा लिस्टच्या तळाशी असतात कारण ते थांबू शकतात असं धरलं जातं. तुमचे वडील त्यातलेच.

म्हणून निवेदनात पहिली मागणी ही लिहा: ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी एक टेबल वेगळं, त्याचा भूलतज्ज्ञ आणि सिस्टर वेगळ्या, आणि अपघाताची केस आली तरी ते टेबल हलवायचं नाही. ससूनसारख्या ठिकाणी तर नुसतं पुणं नाही, नगर, सातारा, सोलापूरकडूनही पेशंट येतात, हायवेवरचे अपघात येतात, त्यांना थांबवणं शक्यच नाही आणि थांबवूही नये. पण एकाच टेबलावर दोन्ही चालवलं की दर वेळी गरीब हर्नियावालाच मागे जाणार.

सर्जरी रेसिडेंट

सिस्टर म्हणाल्या ते शंभर टक्के खरं. मी सध्या एका मेडिकल कॉलेजात शिकतोय (पुण्यातलं नाही). लोकांना युनिटची, म्हणजे डॉक्टरांच्या एकेका टीमची, पद्धत माहीत नसते म्हणून सांगतो. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला आणि ओटीचा वार ठरलेला. तुमची केस त्या वारी झाली नाही की पुढच्या आठवड्याच्या लिस्टमध्ये आधीच नावं भरलेली असतात, म्हणजे एक दिवस चुकला तर एक दिवस नाही, आठवडे जातात. आणि बऱ्याच ठिकाणी ही लिस्ट म्हणजे कुणा रेसिडेंटची (शिकाऊ डॉक्टरची) डायरी असते. तो दुसऱ्या पोस्टिंगला गेला की पेशंट पुन्हा ओपीडीत पहिल्यापासून. सगळ्या युनिटची मिळून एक यादी असावी, नंबरासकट, आणि केस पेपरवर तो नंबर लिहिलेला असावा, ही मागणी जरूर टाका, याला फार पैसेही लागत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती ऐनवेळी कॅन्सल होणाऱ्या केसेसची. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन कमी, छातीत कफ, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, सकाळी चहा-बिस्किट खाल्लं. हे सगळं आधी कळू शकतं! भुलीची फिटनेस तपासणी ॲडमिट झाल्यावर आदल्या दिवशी करण्यापेक्षा तारीख देतानाच करायला हवी. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला गोळ्यांनी वर यायला काही आठवडे लागतात, ते आठवडे ती तशीही रांगेत काढतेच की. बीपी-शुगरची औषधं घराजवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात मिळतात, तिथून आकडे लिहून आणायचे, आणि तारखेच्या आठवडाभर आधी एक फोन जायला हवा: औषध चालू आहे ना, ताप-खोकला नाही ना, येणार आहात ना. जो येणार नसेल त्याच्या जागी दुसरा तयार पेशंट बोलवायचा. आज ती जागा रिकामी जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

धनकवडीकर, काकांचं बीपी त्या दिवशीच वाढलं होतं की कायम असतं? कायम असेल तर तारखेची वाट न बघता आजच औषध सुरू करून घ्या आणि वहीत रोजचे आकडे लिहा. ती वही घेऊन थेट भुलीच्या ओपीडीत जा, फिटनेस लिहून घ्या, मग सर्जरीकडे तारीख मागा. आणि कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

हडपसरवाला

एवढं सगळं कशाला? राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, आता सगळ्या रेशनकार्डांना मिळतं, सरळ प्रायव्हेटला पाठवा सगळ्यांना. सरकारीत सुधारणा होईपर्यंत माणूस संपून जाईल.

आंबेगावची

हडपसरवाले दादा, योजना चांगलीच आहे, माझ्या सासऱ्यांची ॲन्जिओप्लास्टी त्यातच झाली. पण सगळी ऑपरेशनं त्यात बसत नाहीत, आणि काही तर फक्त सरकारी दवाखान्यांसाठीच राखीव आहेत, म्हणजे ती रांग तिथेच राहते. शिवाय प्रायव्हेटवाले ज्याचं पॅकेज परवडतं ते आधी घेतात, छोट्या रकमेचं ऑपरेशन असलं की बेड नाही म्हणतात, हे मी दोन-तीन ठिकाणी फिरून बघितलंय.

धनकवडीकर, तरी विचारून घ्याच. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसतो, नाहीतर १५५३८८ ला फोन करा, आजाराचं नाव सांगा, कुठे होईल ते सांगतात. दुसरा रस्ता धर्मादाय हॉस्पिटलांचा. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन लोकांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, निर्धनसाठी वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत आणि सवलतीसाठी ३,६०,००० पर्यंत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकांना भेटा, तोंडी नाही म्हणाले तर नाही असं लिहून मागा, आणि तरी नाही जमलं तर धर्मादाय सहआयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करा.

आणि औंधचं जिल्हा रुग्णालय विसरू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झालेत. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं, म्हणून तिथे हा निर्णय लागू झाला नव्हता, लोकांची यात गल्लत होते. हर्नियासाठी मोठ्याच दवाखान्यात जायला पाहिजे असं काही नाही ना सिस्टर?

ओटीवाल्या सिस्टर

अजिबात नाही. साध्या हर्नियाला जाळी बसवायची असते, कमरेत भूल देऊन होतं, कधी कधी तर नुसती जागेवर भूल देऊनही होतं आणि पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. हे मंचरला, दौंडला उपजिल्हा रुग्णालयात व्हायला हवं. अडतं कुठे, तर सर्जन असतो पण भूलतज्ज्ञ नसतो, किंवा भूलतज्ज्ञ असतो तर सर्जनची जागा रिकामी. सिझेरियनसाठी बाहेरचा भूलतज्ज्ञ केसप्रमाणे पैसे देऊन बोलावतात, तसाच हर्निया-हायड्रोसीलसाठी आठवड्यातला एक वार ठरवून बोलवला तर गावाकडचे लोक एसटी पकडून पुण्याला कशाला येतील? तेवढीच शहरातली रांग हलकी.

मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचं उदाहरण मला फार भावतं. १९७६ साली अगदी थोड्या खाटांवर सुरू झालं, आणि पद्धत अशी बसवली की एका सर्जनला दोन टेबलं, इथलं होईपर्यंत शेजारचा पेशंट सिस्टरनी तयार ठेवलेला. डॉक्टरचा वेळ फक्त डॉक्टरच्याच कामाला. सगळी ऑपरेशनं मोतीबिंदूसारखी चालवता येणार नाहीत, पण तयारी दुसऱ्याने करायची हे कुठेही करता येईल. शिबिरांच्या नादी मात्र लागू नका. फ्लेक्स लावून एका दिवसात शंभर-दोनशे ऑपरेशनं करतात आणि नंतर टाके बघायला कुणी नसतं. मला दर आठवड्याचं नेमाने चालणारं टेबल हवंय.

प्रश्नवाली

एक मुद्दा राहिला. माझी बहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिथेही रांग आहे, २०२३ मध्ये ७५ लाखांच्या वर गेली होती, त्यामुळे तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. पण तिथे १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत असं ठरलेलं आहे आणि कुठल्या हॉस्पिटलात कुठल्या विभागात किती लोक किती आठवडे थांबलेत ते दर महिन्याला जाहीर होतं. आपल्याकडे रांग किती लांब आहे हेच कुणी मोजून सांगत नाही, मग कमी झाली की वाढली ते कळणार कसं? माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये सरकारी ऑफिसांनी माहिती स्वतःहून जाहीर करायची आहे. त्याचा उल्लेख करून मागा: दर महिन्याला विभागवार किती जण थांबलेत, किती केसेस ऐनवेळी रद्द झाल्या आणि कशामुळे. रद्द होण्याचं कारण लिहायची सक्ती झाली ना, तर कुठल्या दवाखान्यात लिनन कमी आहे आणि कुठे भूलतज्ज्ञ, ते कागदावरच दिसेल.

धनकवडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांचं बीपी बहुतेक कायमच वाढलेलं असावं, कधी मोजलंच नव्हतं. काल जवळच्या मनपा दवाखान्यात नेलं, गोळी सुरू झाली, वही केलीये. सोमवारी औंधला जाऊन चौकशी करतो.

निवेदनात हे टाकतोय: ठरलेल्या ऑपरेशनसाठी वेगळं टेबल आणि त्याचा वेगळा स्टाफ, तारीख देतानाच भुलीची तपासणी, केस पेपरवर यादीतला नंबर, आठवडाभर आधी फोन, तालुक्याला भूलतज्ज्ञाचा ठरलेला वार, आणि दर महिन्याचे आकडे बोर्डावर. नगरसेवकांच्या हातात यातलं किती येतं? कमला नेहरू हॉस्पिटल आणि पिंपरीचं वायसीएम हॉस्पिटल महापालिकांचं, बाकी राज्य सरकारचं, बरोबर ना?

सर्जरी रेसिडेंट

बरोबर. म्हणून दोन पत्रं करा, महापालिकेचं आयुक्तांना वेगळं आणि राज्याचं आमदारांमार्फत वेगळं, एकाच कागदावर सगळं लिहिलं तर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतील. प्रत्येकाची पोच घ्या, शिक्क्यासकट.

आणि काकांसाठी एक महत्त्वाचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. गाठ झोपल्यावर आत जायची ती जाईनाशी झाली, कडक होऊन दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या किंवा पोट फुगलं, तर तारखेची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट कॅज्युअल्टीत (इमर्जन्सी विभागात) न्या. आतडं अडकलं तर काही तासांचा प्रश्न असतो. तोपर्यंत क्रेट उचलणं बंद, गाळ्यावर दुसऱ्या कुणाला तरी बसवा.