झोपल्यावर पण न्यूरॉनचा वेग तोच?

रात्रपाळीवाला:
सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा. सकाळी आठला घरी येतो, खिडकीला चादर लावून पडतो, तरी कानातली मागांची खडखड तासभर थांबत नाही. पोरगी बी.एस्सी.ला आहे. म्हणते, "पप्पा, तुम्ही झोपलात तरी मेंदूतले न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, आपापला वेग सोडत नाहीत. वेग म्हणजे सेकंदाला किती वेळा पेटतात तो. घरी काय नि कारखान्यात काय." मला नाही पटलं. लाइट गेली की आमचे माग गपगार होतात की! मग झोपेत मेंदू चालतोच कसा?

होटगी रोड:
पोरीचं बरोबर आहे दादा, फक्त "तोच" म्हणजे तंतोतंत धरू नका. गाढ झोपेत न्यूरॉन सगळे मिळून क्षणभर गप्प होतात, परत एकदम सुरू होतात. पण काही मिनिटांची सरासरी काढा: जागेपणी जोरात असलेला झोपेतही बहुधा जोरातच, मंद तो मंदच. फरकही लई मोठा. एखादा दहा सेकंदांत एकदा, तर दुसरा सेकंदाला पाच-दहा वेळा. मेंदूशास्त्रज्ञ बुझाकींच्या प्रयोगशाळेनं २००१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणी आणि जागा ओळखण्याचा भाग) पाहिलं. ओळखीच्या जागी फिरून झोपल्यावर वेग आधीच्या झोपेसारखेच. नव्या अनुभवानंतर मात्र थोडे हलले.

शरीरशास्त्रवाली:
जागा बदलली की उंदीर कुठल्या कोपऱ्यात असताना न्यूरॉन पेटणार ते बदलतं. कोण जोरात, कोण मंद हा क्रम बऱ्यापैकी टिकतो. आणि दादा, मागाची उपमा सोडा. माग स्वतःहून वेग सावरत नाही. मेंदूशास्त्रज्ञ टुरिजिआनोंच्या गटानं उंदरांचा एक डोळा बंद ठेवला. दृष्टीच्या भागातले न्यूरॉन आधी मंदावले, मग डोळा बंद असतानाच काही दिवसांत एकेक आपल्या जुन्या वेगावर आला. गंमत म्हणजे हे सावरणं जागेपणी झालं, झोपेत नाही (२०१६). मला तर उलटंच वाटायचं, झोप म्हणजे दुरुस्तीची वेळ.

रात्रपाळीवाला:
म्हणजे दुरुस्ती चालू मागावरच! आमच्याकडं असं केलं तर बोट जाईल. पोरीला दाखवतो, पण सकाळी. आज चार नंबरचा बीम बदलायचाय, निघतो.

होटगी रोड:
दादा, कानात बोळे घालत जा पाळीत. ती खडखड न्यूरॉनची नाही, कान तपासून घ्या.