झेड-एन स्लाईडवर नको तिथे लाल काड्या दिसतायत, मदत हवी आहे

माणदेशी_लॅब

नमस्कार. विट्याकडच्या एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. टीबीसाठीच्या थुंकीच्या स्लाईड आमच्याकडे फार नसतात, पण जत्रेला गलाईवाले (परगावी सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे इथले लोक) गावी आले किंवा कारखाने सुरू होऊन ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की वाढतात. एलईडी फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नाही, साधं झील-नील्सन (झेड-एन) करतो, म्हणजे टीबीचा जंतू लाल आणि बाकीचं निळं दिसेल असा स्टेन. १ टक्का कार्बोल फुक्सिन, वाफ निघेपर्यंत खालून ज्योत, ५ मिनिटं थांबायचं, धुवायचं, २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, परत धुवायचं आणि अर्धा मिनिट ०.१ टक्का मिथिलीन ब्लू.

अडचण अशी की हल्ली 'स्कँटी', म्हणजे अगदी मोजके जंतू दिसलेले रिपोर्ट, फारच निघायला लागलेत. मायक्रोस्कोपखाली शंभर फील्ड (एका नजरेत दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) चाळली की दोन-तीन लाल काड्या हमखास सापडतात. ज्याचा एक्सरे स्वच्छ आहे, खोकला नुकता लागलाय, त्याच्यातही. खऱ्या २+, ३+ (भरपूर जंतू असलेल्या) स्लाईडबद्दल काही म्हणणं नाही, त्या झकास दिसतात.

काड्या बारीक आहेत पण मणीदार नाहीत, एकसारख्या गडद लाल. पू-पेशींच्या आसपास क्वचितच, जास्त करून मोकळ्या जागेत. फुक्सिनची नवी बाटली काढली, गाळून वापरली, तरी तेच.

पॅथॉलॉजिस्ट सर सांगलीहून येतात. ते म्हणाले, "आधी स्टेन बघ, मग सही मागायला ये." बरोबरच आहे. पॉझिटिव्ह दिला की निक्षयवर (सरकारच्या टीबी पोर्टलवर) नोंद सक्तीची, आणि त्या माणसामागे सहा महिन्यांच्या गोळ्या. दाबून ठेवला आणि खरंच टीबी असला तर घरातल्या पोराबाळांचं काय? रिपोर्ट अडकून पडलेत. कुणी असं बघितलंय का?

जुना_मायक्रोस्कोप

सातारा जिल्ह्यात टीबीच्या लॅब तपासत फिरण्यातच माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. तीन गोष्टी सांगा. लेन्ससाठी स्लाईडवर घालायच्या तेलाच्या बाटलीचा ड्रॉपर स्लाईडला टेकतो का? ३+ स्लाईड बघून झाल्यावर लेन्स पुसता का? धुवायला पाणी कुठलं?

ड्रॉपर टेकला की पॉझिटिव्ह स्लाईडवरचे जंतू तेलात येतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाटले जातात. तेल वरून थेंब सोडून घालायचं. आणि स्लाईडा टिपायला एकच टिपकागद वापरत असाल तर तो आजच फेकून द्या.

स्टेनचे स्फटिक असतील तर ते वेगळे कळतात. फाईन फोकस हलवा. स्फटिक स्मिअरच्या (काचेवर पसरलेल्या थुंकीच्या थराच्या) वरच्या पातळीत बसलेला असतो, चमकतो, कडा धारदार असतात. जंतू पेशींच्याच पातळीत दिसतो. ज्योत देताना फुक्सिन उकळलं किंवा स्लाईडवर सुकलं तर हा कचरा हमखास होतो.

माणदेशी_लॅब

काका, ड्रॉपर टेकत नाही, टिपकागद वापरतच नाही, स्लाईड रॅकवर उभ्या सुकवतो. लेन्स दर पॉझिटिव्हनंतर लेन्स पेपरने पुसतो. फोकस हलवून पाहिलं, काड्या पेशींच्याच पातळीत आहेत. पाणी नळाचं. गच्चीवरच्या टाकीत बोअरचं येतं, कमी पडलं की टँकर. नळाला रबरी नळी लावलीय, तीच रॅकवर सोडतो.

कराडचा_पोरगा

या काळात कोण स्लाईड बघत बसतं? सरळ सीबीनॅटला (मशीनवरच्या टीबी तपासणीला) पाठवा, सरकारी दवाखान्यात फुकट होतं, रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालणार का तेही त्यातच कळतं. विषय संपला.

जुना_मायक्रोस्कोप

निदानाला सीबीनॅट किंवा तसलंच ट्रूनॅटच आधी, यात वाद नाही. पण ते डीएनए शोधतं, आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही सापडतो. म्हणून औषध चालू असलेल्या माणसाचा फॉलोअप स्लाईडवर आणि कल्चरवरच (जंतू वाढवून बघण्यावरच) होतो. तेव्हा स्लाईड नीट यायलाच हवी.

माणदेशी, ती रबरी नळी वाचली आणि माझे कान टवकारले. एक काम करा. नवी कोरी काच घ्या, थुंकी लावायचीच नाही. तुमच्या त्याच नळाच्या पाण्याचे थेंब टाका, सुकवा, ज्योतीवर फिक्स करा आणि नेहमीसारखा पूर्ण स्टेन करा. शेजारी दुसरी काच, सगळं तसंच, फक्त थेंबही डिस्टिल्ड पाण्याचे आणि धुणंही डिस्टिल्डने. दोन्हींवर शंभर फील्ड बघा.

सांगलीवाडी

विषय थोडा बाजूला नेतेय, माफ करा. बाबांची थुंकी निगेटिव्ह आणि सीबीनॅट पॉझिटिव्ह आलंय. नक्की कुठला खरा?

मिरजकर_मायक्रो

ताई, दोन्ही खरे असू शकतात. एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असले तरच स्लाईडवर दिसतात. सीबीनॅटला त्याहून कितीतरी कमी पुरतात. स्लाईड निगेटिव्ह म्हणून टीबी नाही असं धरू नका, डॉक्टर सांगतील ते औषध सुरू करा.

माणदेशी_लॅब

दोन्ही काचा केल्या. डिस्टिल्डची स्वच्छ. नळाच्या पाण्याच्या काचेवर लाल काड्या! थुंकीचा कणही नाही आणि दोन ठिकाणी तर चार-पाचचा झुबका. सरांना दाखवायला ठेवलीय.

हे टाकीत टीबीचे जंतू आहेत का? धास्तावलोय. हेच पाणी आम्ही पितो.

मिरजकर_मायक्रो

घाबरू नका, टीबीचा जंतू टाकीत वाढत नाही. त्याच्याच कुळातले, पण माती-पाण्यात राहणारे बरेच मायकोबॅक्टेरिया आहेत. गॉर्डोनी नावाच्या एकाला तर नळाच्या पाण्यातला बॅसिलस म्हणूनच ओळखतात. मायकोलिक ॲसिडची मेणासारखी भिंत सगळ्या कुळाची, त्यामुळे ॲसिडने रंग सुटत नाही आणि झेड-एनमध्ये सगळेच लाल. त्याच भिंतीमुळे क्लोरीनलाही बऱ्यापैकी दाद देत नाहीत. नळीच्या आत जो बुळबुळीत थर धरतो, तो त्यांचा मुक्काम. नळी कापून आतून बोट फिरवा, समजेल. प्यायचं पाणी नेहमीसारखं स्वच्छ ठेवा, एवढंच.

कराडचा_पोरगा

मग धुवायचं पाणी उकळून घेतलं की झालं की.

मिरजकर_मायक्रो

नाही. उकळून जंतू मरेल, पण मेलेलाही तितकाच लाल दिसतो. ऑटोक्लेव्हचंही तेच. जंतू पाण्यातून निघायला हवा, नुसता मरून उपयोग नाही. म्हणून डिस्टिल्ड वापरा. आरओ मशीनचं घेऊ नका, मेम्ब्रेनमधून चांगलं येतं पण पुढच्या साठवणीच्या टाकीत परत थर धरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या कॅनवर तर भरवसाच नको. आणि स्टेन, ॲसिड हेही त्याच पाण्यात बनवले असतील तर ओतून टाका, नुसतं धुणं बदलून भागणार नाही. ॲसिड बनवताना पाण्यात ॲसिड हळूहळू, उलटं कधीच नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

जुना_मायक्रोस्कोप

यापुढे प्रत्येक बॅचला एक माहीत असलेली पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह काच लावत जा. निगेटिव्ह कंट्रोल असता तर हे पहिल्याच दिवशी सापडलं असतं. खाजगी लॅबमध्ये काच वाचवायला हेच आधी बंद होतं, हे मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय.

अडकलेल्या रिपोर्टचं काय केलंत?

माणदेशी_लॅब

सरांनी काच बघितली. अडकलेले सगळे स्कँटी रद्द, पॉझिटिव्ह म्हणून एकही जाणार नाही, पण निगेटिव्ह म्हणूनही नाही. पुन्हा नमुना मागवलाय, सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून काढलेली थुंकी, नुसती लाळ नको असं प्रत्येकाला सांगितलंय. ती आली की आधी सीबीनॅटला पाठवतोय. बाकीचे सगळे गावातलेच, ते येतील. एक मात्र ऊसतोड टोळीतला आहे, टोळी शिराळ्याच्या बाजूला गेली म्हणतात, फोन लागत नाही. मुकादमाचा नंबर मिळवतोय.

नळी कापली काका. आत काळपट गुलाबी शेवाळासारखं होतं. आता डिस्टिल्डच्या वॉशबॉटलने धुतो. मिथिलीन ब्लू आणि ॲसिड आमच्याकडेच त्या पाण्यात बनत होते, तेही ओतले. फुक्सिन तयार विकत येतं. त्याच्या बंद बाटलीचीही कोरी काच करून बघू का, की ते उगाच?

जुना_मायक्रोस्कोप

करा. एका काचेचा तर प्रश्न.