दीड लाख पळालेली ऑक्टाव्हिया आरएस सोलापुरात ठेवावी का? माझं मत, ठेवावी

टर्बोतात्या
मंडळी, इथं कुणी जुनी दमदार गाडी घ्यायचा विषय काढला की पहिला रिप्लाय ठरलेला, "किती पळालीय? लाखाच्या वर? सोड बे, इनोव्हा बघ." तर माझं मत सरळ लिहितो, पटलं नाही तर भांडा. नुसता किलोमीटरचा आकडा बघून गाडी नाकारणं हा निव्वळ आळस आहे. माझ्याकडं स्कोडाची २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३० आहे, मी दुसरा मालक, काटा दीड लाखाच्या जवळ आलाय आणि अजूनही टेंभुर्णीच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची लाईन लागली की पाय नुसता टेकवायचा, बाकी ती बघते.

का टिकते ते सांगतो. दोन लिटरचं ईए८८८ इंजिन, तिसऱ्या पिढीचं. ह्याच्याच आधीच्या पिढ्यांनी नाव घालवलं, टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग) दगा द्यायचा, पिस्टन रिंगांमुळं ऑइल प्यायची, आणि लोक अजून तेच सगळ्यांच्या माथी मारतात. गिअरबॉक्स सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, ह्याचे क्लच तेलात चालतात. ज्या डीएसजीच्या नावानं गावभर बोंब आहे तो सात गिअरचा कोरड्या क्लचचा, तो वेगळा. ह्याला दर ६०,००० किमीला तेल आणि फिल्टर बदलायचा, चुकवायचा नाही, एवढंच पथ्य. आणि हायवेचे दीड लाख म्हणजे काय, इंजिन नीट तापलेलं, एका लयीत चाललेलं, ब्रेक कमी, गिअर कमी. ह्याउलट नवी पेठेत दोन-दोन किमी फिरून ४०,००० झालेली गाडी कुणी फुकट दिली तरी मी विचार करीन.

आता पैशाचं. टायर सोडून वर्षाला साठ-सत्तर हजार बाजूला काढतो, कधी उरतात, कधी वर लागतात. नवी आरएस २०२५ ला आली ती ४९.९९ लाखाला, त्यात देशात १०० च गाड्या. माझी मॉडेल आली तेव्हा एक्स-शोरूम २४.६२ लाख होती, मी घेतली त्याच्या निम्म्याच्याही आत. हिशोब तुम्हीच करा.

देवदर्शन_टूर्स
तात्या, हिशोब करतो की. माझा धंदा गाड्यांचा आहे, तुळजापूर-अक्कलकोट-गाणगापूर-पंढरपूर ही आमची रोजची वारी, त्यामुळं तीन-तीन लाखाच्या पुढं गेलेल्या गाड्या आम्ही बघतो आन वापरतोय. पण तुम्ही बिलाचंच बोलताय. बिल कुणीपण भरतं हो. गाडी उभी किती दिवस राहिली ते लिहा ना. आमची गाडी बार्शीच्या अलीकडं बंद पडली तर रस्त्याकडंचा मिस्त्री बॉनेट उघडून संध्याकाळपर्यंत चालू करून देतो, पार्ट तालुक्याला मिळतो. तुमची बंद पडली की आधी लॅपटॉपवाला शोधा, मग तो म्हणणार अमुक सेन्सर, मग तो सेन्सर पुण्याहून, पुण्यात नसला तर मुंबईहून, तोपर्यंत गाडीवर कव्हर आन तुम्ही रिक्षात. घरात एकच गाडी असणाऱ्या माणसाला हे सांगणं बरोबर नाही एवढंच माझं म्हणणं.

शेंगाचटणी
२३० घोडे आणि फोर लेनला लिमिट १००. उरलेले घोडे सावळेश्वरच्या टोल नाक्यावर लाईनीत उभे 😂

जुळे_सोलापूरकर
तात्यांचा इंजिनाचा मुद्दा पटतो पण अर्धाच सांगितलाय. तिसऱ्या पिढीत चेनची कटकट कमी झाली हे खरं, पण त्याच इंजिनाला वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं जे एकत्र हाउसिंग आहे ते प्लॅस्टिकचं, आणि वय झालं की तिथून कूलंट झिरपतं हे जगभर माहिती असलेलं दुखणं आहे. थेंब खाली पडतही नाही, तिथंच गरम भागावर वाळून जातो, लेव्हल हळूहळू उतरते आणि मालकाला वाटतं उन्हाळ्यानं उतरली असेल. आपल्याकडं मे महिन्यात ४४ डिग्री, दुपारी एसी फुल्ल, सात रस्त्याला सिग्नलवर उभं. तिथं हे दुखणं म्हणजे थट्टा नाही.

आणि उन्हाचा दुसरा भाग कुणी बोलत नाही. टर्बोला गार हवा लागते. ती गार करणारा इंटरकूलरच तापला की आत जाणारी हवा गरम आणि विरळ, नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क मागं घेतो, झालं, गाडी दुपारी मरगळते. म्हणजे ज्या ताकदीसाठी हा सगळा खर्च करायचा ती सोलापूरच्या उन्हाळ्यात भरदुपारी पूर्ण मिळतच नाही! वर धूळ, एअर फिल्टर कंपनीच्या तक्त्याच्या बराच आधी काळा होतो. वर आपले स्पीड ब्रेकर. बुश, लिंक रॉड, स्ट्रट माउंट हे सगळं इथं युरोपच्या हिशोबानं टिकणार नाही, आणि लो-प्रोफाईल टायरला एक खड्डा जोरात बसला की साईडवॉलला फुगा.

टर्बोतात्या
@जुळे_सोलापूरकर हाउसिंगचं मान्य, म्हणूनच मी ते गळायची वाट न बघता आधीच बदललं, कूलंटसकट. हेच तर म्हणतोय की, दुखणी माहितीतली आहेत. माहितीतल्या दुखण्याला घाबरायचं कशाला, त्याचे पैसे किमतीतून आधीच कमी करून घ्यायचे. आणि दुपारी पळवायची कशाला, पहाटे निघा, उजाडता इंदापूर.

@देवदर्शन_टूर्स मालक, तुमची तुलनाच चुकतेय, तुम्हाला सात माणसं आन बॅगा न्यायच्या आहेत. पण पार्ट मिळत नाहीत हे जुनं झालं. हेच इंजिन कुटुंबातलं भावंड सुपर्बमध्ये, कोडियाकमध्ये, ऑडीत. हाच गिअरबॉक्स स्कोडाच्याच जुन्या लॉराच्या डिझेलला पण होता. ऑक्टाव्हिया २०२३ ला इथं बंद झाली म्हणून तिचे सगळे पार्ट संपले असं होत नाही.

देवदर्शन_टूर्स
इंजिनाचे मिळतील. आरएसचा पुढचा बंपर, हेडलाईट, त्या खास सीटा? एखादी म्हैस आडवी आली की कळंल. आन पाच वर्षं उलटली की झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा विमा) द्यायला विमावाले कुरकुर करतात, म्हणजे प्लॅस्टिक-रबरचा निम्मा खर्च तुमच्या खिशातनं. १५०० सीसीच्या वरच्या गाडीचं नुसतं थर्ड पार्टीच ७,८९७ रुपये आहे, ते वेगळं.

साखरपट्टा
पेट्रोलचं कुणीच बोलेना. आता पंपावर २० टक्के इथेनॉल आहे. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांचा पण वाटा आहे, त्यामुळं तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची, घरचा ऊस पण तिकडंच जातो 🙂 पण विषय असा की ई२० साठी म्हणून बनवलेल्या गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून यायला लागल्या, तात्यांची २०१७ ची. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे मायलेज सहा-सात टक्क्यांनी पडणारच. आणि जुने रबरी होज, सील, गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत ओढलं जाणारं पाणी, हे सगळं वापरलेल्या गाडीत येणारच. ज्याची गाडी रविवारीच बाहेर निघते त्यानं जास्त काळजी करावी.

जुळे_सोलापूरकर
@साखरपट्टा ह्यात मात्र तात्यांच्या बाजूनं एक मुद्दा, इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं, आणि टर्बोला ते मानवतं. नॉकिंगला विरोध जास्त. मायलेज पडेल, पण इंजिन त्यानं लगेच मरत नाही. रबराचं म्हणणं बरोबर, दर सर्व्हिसला फ्युएल लाईन बघून घ्यायची.

स्पॅनर_पुणे
मूळचा बाळीवेसचा, सध्या पुण्यात गॅरेजमध्ये ह्याच गाड्यांवर काम करतो म्हणून लिहितो. तात्या आणि मालक दोघंही काट्यावरचा आकडा खरा धरूनच भांडताय. आधी तो खरा आहे का ते बघा की. काटा मागं फिरवणं अवघड राहिलेलं नाही, पण ह्या गाड्यांच्या वेगवेगळ्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये जुने फॉल्ट किती किमीला आले ते नोंदलेलं असतं, स्कॅनर लावला की कधीकधी ७०,००० च्या गाडीत १,१०,००० चा फॉल्ट सापडतो, मग विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, रिमॅप, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. ह्या इंजिनाला नुसता स्टेज वन, म्हणजे त्याची पहिली पायरी, मारला की ताकद पार ३०० च्या आसपास जाते, म्हणून पोरं मारतातच, आणि विकताना परत स्टॉक, म्हणजे कंपनीसारखी, करून ठेवतात. रिमॅप वाईट असं नाही, पण जास्तीचा टॉर्क गिअरबॉक्सच्या क्लचनी सोसलेला असतो आणि ते बाहेरून दिसत नाही. एक गिऱ्हाईक आलेलं, गाडी कुठल्या कंपनीची ते जाऊ द्या, जर्मन सेडान, फक्त ८०,००० पळालेली, चकाचक, पॉलिश मारलेली. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं की आरपीएम वर आणि स्पीड तिथंच. क्लच पॅक, ड्युअल मास फ्लायव्हील, मजुरी सगळं धरून त्याच्या सहा महिन्यांच्या पगाराचा आकडा निघाला. त्यामुळं दीड लाख पळालेली, एका हातातली, बिलांची फाईल असलेली, स्टॉक गाडी मी आधी घेईन, ही नको. इथवर तात्यांशी सहमत.

पण तात्या, साठ-सत्तर हजार हा तुमचा आकडा तुमचा आहे. तुम्ही स्वतः जॅक लावता, ऑइल स्वतः बदलता, स्कॅनर घरात आहे. जो माणूस फक्त चावी देऊन येणार त्यानं ह्याच्या दुप्पट धरावेत. आणि घेतल्या-घेतल्या गिअरबॉक्सचं तेल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, प्लग, टायर ह्यासाठी दीड-दोन लाख वेगळे ठेवावेत, ते नसतील तर घेऊ नये.

शेंगाचटणी
म्हणजे गाडी घ्यायची, वर स्कॅनर घ्यायचा, वर जॅक घ्यायचा. बायकोला काय सांगायचं ते पण लिहा की बे कुणीतरी.

टर्बोतात्या
@स्पॅनर_पुणे दुप्पट जरा जास्त होतंय, दीडपट म्हणा. मजुरी धरली नव्हती हे खरं, पण ती धरली तरी नव्या गाडीचा पहिल्या तीन वर्षांचा घसारा ह्याच्यापेक्षा मोठा आहे आणि तो कुणी खर्चात लिहीतच नाही.

देवदर्शन_टूर्स
घसाऱ्यानं गाडी रस्त्यात बंद पडत नाही तात्या.

हुतात्मा_स्लीपर
मला खरंच घ्यायची आहे म्हणून विचारतो, होटगी रोडला ऑफिस, रोजचं सहा किमी येणं-जाणं, महिन्यातून एकदा पुणे. घरात दुसरी गाडी आहे, वॅगनआर. १,२०,००० पळालेली आरएस बघितलीय, बिलं आहेत पण गिअरबॉक्सच्या तेलाचं एकच बिल सापडतंय, ६२,००० किमीला बदललेल्याचं.

स्पॅनर_पुणे
१,२०,००० किमीला बदलायचं तेल तुमच्या गळ्यात येतंय, ते किमतीतून वजा करा. ऑफिसला वॅगनआरच न्या, सहा किमीत ह्याचं ऑइल नीट तापतसुद्धा नाही. आणि टोकन द्यायच्या आधी गाडी थंड असताना स्वतः स्टार्ट करा, विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.