मदत हवी आहे: कोविडच्या बिलात सरकारी दरापेक्षा खूप जास्त पैसे घेतलेत, ऑडिट कसं करून घ्यायचं?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा, घरात यावरून रोज वाद चाललेत आणि मला पुढे काय करायचं ते खरंच कळत नाहीये.

माझे काका 9 एप्रिल 2021 ला तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी हॉस्पिटलला ॲडमिट झाले. सॅच्युरेशन 86 वर आलेलं, सिव्हिलला बेड नाही, फोन करून करून थकलो तेव्हा कुठे रात्री साडेअकराला इथे बेड मिळाला. पाच दिवस वॉर्ड, नऊ दिवस आयसीयू, व्हेंटिलेटर लागला नाही, 23 तारखेला घरी आले. अजून जिना चढला की धाप लागते पण माणूस घरी आला, बाकी सगळं त्यानंतर.

बिल झालं 4 लाख 12 हजार, आणि इन्शुरन्स काहीच नाही. काकूने पाटल्या मोडल्या, उरलेले भावाने इकडून तिकडून उसने आणले. तेव्हा कोणी बिल वाचत बसलं नाही, पेशंट घरी न्यायचा एवढंच डोक्यात होतं. आता महिन्याभराने मी ते घेऊन बसले आणि 21 मे 2020 च्या सरकारी अधिसूचनेतले दर शेजारी मांडले. विमा नसलेल्या पेशंटसाठी वॉर्डला दिवसाला 4000, आयसीयूला व्हेंटिलेटरशिवाय 7500, व्हेंटिलेटर असेल तर 9000, आणि यात बेड, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण, नेहमीच्या रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे हे सगळं धरलेलं होतं. म्हणजे काकांचे 14 दिवसांचे होतात 20,000 अधिक 67,500, एकूण 87,500. भारी औषधं, सीटी स्कॅन, पीपीई वेगळे, हे मान्य. पण आम्हाला वॉर्डला 7000 आणि आयसीयूला 15,000 रोजचे लावलेत, म्हणजे नुसत्या बेडचेच 1 लाख 70 हजार, आणि त्यावर परत डॉक्टर व्हिजिट वेगळी, नर्सिंग वेगळं! पीपीई किटचे रोजचे 4500, चौदा दिवसांचे 63,000. एका नर्सने एक किट घालून अख्खा वॉर्ड फिरायचा आणि पैसे मात्र प्रत्येक पेशंटच्या बिलात, हे आम्ही काचेतून बघितलेलं आहे.

अजून एक गोष्ट म्हणजे पहिल्या रात्री 50 हजार कॅश घेतले त्याची पावती. एका औषध कंपनीच्या पॅडचा कागद, त्यावर निळ्या पेनाने "50 जमा" एवढंच, ना शिक्का ना सही ना तारीख. काकूने तो देवघरातल्या पोथीत घालून ठेवला होता म्हणून सापडला. फायनल बिलात हे 50 हजार जमा दिसतच नाहीत.

मी फोन केला तर बिलिंगवाले म्हणाले की तुमचा पेशंट 20 टक्क्यांच्या बेडवर होता, सरकारी दर फक्त 80 टक्के बेडना आहेत. हे आम्हाला ॲडमिट करताना कोणी सांगितलं नाही, कुठे सही घेतली नाही, भिंतीवर तसा बोर्डही नव्हता.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. काका तक्रार करू देत नाहीत. म्हणतात डॉक्टरांनी जीव वाचवला, आता त्यांच्यावर केस करू का, आणि उद्या परत काही झालं तर त्याच दारात जायचंय. त्यांचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही, डॉक्टर रात्री दोनला सुद्धा येऊन बघून जायचे. पण उपकार वेगळे आणि हिशोब वेगळा ना? काकू गेल्या आठवड्यात गावातल्या लग्नाला गेली नाही कारण हात मोकळे दिसतील म्हणून, ते बघून मला राहवत नाही.

तर माझे प्रश्न: पैसे भरून झाल्यावर ऑडिट होतं का? 20 टक्क्यांचं ते सांगतात त्याला उत्तर काय द्यायचं? आणि डॉक्टरांच्या उपचारांबद्दल काहीही न म्हणता फक्त बिलाबद्दल तक्रार करता येते का?

प्रतिसाद १
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, हो, येते, आणि तशीच करा. ऑडिट म्हणजे आकडे तपासणं, उपचार बरोबर की चूक हे त्यात कोणी बघत नाही. अर्जात पहिल्याच ओळीत लिहा की उपचारांबद्दल तक्रार नाही. अर्ज कलेक्टर ऑफिसला द्या, एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, आणि प्रत्येक प्रतीवर पोचचा शिक्का घ्या, तोंडी काही ठेवू नका. आमच्याकडे भावाचं बिल भरून झाल्यावरच दिलं होतं, दीड महिन्याने 71 हजार चेकने परत आले. लेखापरीक्षकाने पहिलं काय मागितलं तर आयटमवाइज बिल आणि डिस्चार्ज कार्ड. नसेल तर हॉस्पिटलकडून लेखी मागा.

पीपीईला पण तेव्हा मर्यादा होती, वॉर्डला दिवसाला 600 आणि आयसीयूला 1200. तुमच्या हिशोबाने 3000 अधिक 10,800, म्हणजे 13,800. 63 हजार कुठे आणि हे कुठे! एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटी स्कॅन, केला असेल तर तोही बघा, सगळ्यात मोठ्या मशीनला सुद्धा तेव्हा 3000 च्या वर घेता येत नव्हते, सप्टेंबर 2020 पासून.

प्रतिसाद २
20 टक्क्यांबद्दल वाद घालत बसू नका, उलट त्यांनाच लेखी विचारा की 9 एप्रिलला एकूण बेड किती, त्यातले 20 टक्क्यांतले कुठले, आणि आमची संमती कुठल्या कागदावर आहे. रात्री साडेअकराला धापा टाकत आलेल्या माणसाने महागडा बेड निवडला असं कोणाला पटेल?

कलेक्टरकडे नाहीच झालं तर ग्राहक आयोग आहे. नवीन कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे, मुदत दोन वर्षं, 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला (म्हणजे हॉस्पिटलला भरलेल्या पैशांना) फी नाही आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच सांगितलंय. पण आधी ऑडिट, कारण त्याचा रिपोर्ट हातात असला की पुढचं सोपं जातं. ती 50 जमा वाली चिठ्ठी लॅमिनेट करू नका, फक्त फोटो काढा आणि मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका. त्या रात्री कॅश कुठून काढली, बँकेतून की कोणाकडून, त्याची एंट्री सापडली तर बघा.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे. एटीएमचा मेसेज सापडला, भावाच्या फोनमध्ये, 9 एप्रिल, दहा-दहा हजार असे चार वेळा, आणि बाकीचे 10 हजार घरातले होते. काकांना प्रतिसाद १ मोठ्याने वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की उपचारांबद्दल तक्रार नाही हे वाक्य मी माझ्या हाताने लिहितो. सोमवारी अर्ज घेऊन जातोय, आयटमवाइज बिल मागायचं पत्र आजच देतेय. कलेक्टर ऑफिसला सही काकांचीच लागेल की भावाची चालेल, एवढं कोणी सांगू शकेल का?