मदत हवी आहे: मशीन मॉनिटरिंग बसवावं का? जुन्या लेथचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची संगणकावर चालणारी मशीन), तीन सीएनसी टर्निंग, सगळी फॅनक कंपनीच्या कंट्रोलरची. शिवाय वडिलांच्या वेळचे दोन लेथ आणि एक रेडियल ड्रिल.

आता मोठा ग्राहक ओईई विचारतोय, म्हणजे मशीनचा खरा उपयोग किती टक्के होतो ते. आमच्याकडे लॉगबुक आहे, पण ते शिफ्ट संपताना आठवून भरतात, त्यामुळे सगळे आकडे गोलगोल. मशीन कधी चाललं, कधी थांबलं हे आपोआप नोंदवणारं मॉनिटरिंग एका पुरवठादाराने सुचवलंय: मशीनमागे महिन्याला भाडं आणि सगळा डेटा क्लाउडवर. वडील म्हणतात, "ई-इन्व्हॉइस सरकारनं लावलं म्हणून केलं. हे कोण लावतंय?" खरं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना सक्ती झाली, तेव्हा कुरकुर करत का होईना, शिकलोच की.

माझी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच. मशीन थांबलं हे कळेल. का थांबलं ते कोण सांगणार? कास्टिंग आलं नाही, इन्सर्ट (कापणारं टोक) गेला, सेटिंग चालू आहे, की ऑपरेटरच नाही? तेलकट हातांनी टॅब्लेटवर कारण निवडायचं म्हणे! त्यात पोरांना वाटतंय, हे त्यांच्यावर नजर ठेवायला आणलंय. ज्यांनी बसवलंय त्यांनी हे कसं निभावलं? आणि भाडं बंद केलं तर जुने आकडे आपल्याला मिळतात का?

प्रतिसाद १
कंट्रोलरला इथरनेट असेल तर फॅनकच्या फोकासमधून (कंट्रोलरमधली माहिती वाचायची त्यांचीच सोय) सायकल, अलार्म, पार्ट काउंट थेट मिळतात. लेथला मोटरच्या वायरवर करंट सेन्सर लावा. लोड आहे की नाही एवढंच कळेल, नग मोजता येणार नाहीत. पण आधी सगळ्यात जास्त अडणाऱ्या दोनच मशीनना लावा. कारणांसाठी टॅब्लेट नको, पाच मोठी पुश बटणं पुरतात. आकडे सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) काढून मिळतील हे ऑर्डरवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि पहिले काही महिने या आकड्यांवरून कुणाचाही पगार कापू नका, नाहीतर बटण चुकीचंच दाबलं जाईल.

धागाकर्ता
आभारी आहे दादा. बटणांचं पटलं. पण पाचात "कास्टिंग आलं नाही" आणि "कास्टिंग आलं पण कडक निघालं" ही वेगळी ठेवू का? आमचा निम्मा वाद फाउंड्रीशी तिथेच होतो.