पोस्टग्रेस: जुनी टेबलं उघडतात, नव्या टेबलाला 'परमिशन डिनाइड' (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे पोस्टग्रेस १६ (डेटाबेस) आहे. अहवाल काढणाऱ्यांसाठी 'अहवाल_वाचक' असा रोल (डेटाबेसमधलं खातं) केलाय, त्यांना फक्त वाचायचा हक्क. दर महिन्याच्या एक तारखेला रात्री एक जॉब (आपोआप चालणारं काम) त्या महिन्याच्या व्यवहारांचं नवं टेबल तयार करतो आणि सकाळी हमखास फोन येतो: 'परमिशन डिनाइड फॉर टेबल', म्हणजे टेबल वाचायला परवानगी नाही. जुन्या महिन्यांची टेबलं व्यवस्थित उघडतात. हिशेब बघणाऱ्यांना आकडे नेमके तेव्हाच लागतात आणि ती मंडळी ताटकळत बसतात, म्हणून हे कायमचं सुटायला हवंय.

स्कीमावर (टेबलांच्या गटावर) यूसेज, म्हणजे आत शिरायचा हक्क, दिलेलं आहे. ते नसतं तर एररमध्ये स्कीमाचं नाव आलं असतं. 'ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स' (सगळ्या टेबलांवर वाचायचा हक्क देणारी कमांड) चालवलं की गाडी सुरू होते, पण ते त्या क्षणी असलेल्या टेबलांपुरतंच. म्हणून सुपरयूजरने (सगळे हक्क असलेल्या रोलने) लॉगिन करून 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस'ही चालवलं, म्हणजे पुढे बनणाऱ्या टेबलांना हक्क आपोआप मिळावेत. तरी बॅकस्लॅश डीपीमध्ये (टेबलांवरचे हक्क दाखवणारी कमांड) नव्या टेबलापुढे हक्कांचा रकाना कोराच. 'पीजी_रीड_ऑल_डेटा' (सगळाच डेटा वाचू देणारा तयार रोल) द्यायचं नाही, त्याच डेटाबेसमध्ये दुसऱ्या स्कीमात पगाराची टेबलं आहेत.

कुठे अडतंय?

प्रतिसाद:
बॅकस्लॅश डीडीपी (डिफॉल्ट हक्कांचे नियम दाखवणारी कमांड) चालवून ओनरचा (मालकाचा) रकाना बघा, आणि नव्या टेबलाचा ओनर कोण तेही. माझा अंदाज, पहिल्यात 'पोस्टग्रेस' (तुमचा सुपरयूजर) आणि दुसऱ्यात जॉबचा रोल दिसेल.

डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस स्कीमाला चिकटत नाहीत, टेबल तयार करणाऱ्या रोलला चिकटतात. तुम्ही 'फॉर रोल' न लिहिल्यामुळे तो नियम फक्त सुपरयूजरने केलेल्या टेबलांना लागला. तीच कमांड 'फॉर रोल' आणि पुढे जॉबच्या रोलचं नाव घालून पुन्हा चालवा. मागच्या टेबलांना ती लागू होत नाही, त्यांच्यासाठी एकदा साधं ग्रँट द्या.

मूळ प्रश्नकर्ता:
अगदी तसंच दिसलं! 'फॉर रोल' घातल्यावर चाचणीचं टेबल लगेच वाचता आलं. मनापासून आभार. जॉब मध्येच 'सेट रोल' करतो, म्हणजे दुसऱ्या रोलवर जातो, त्याने फरक पडेल का?

प्रतिसाद:
पडेल. टेबल बनताना जो रोल चालू असेल तोच ओनर, नियम त्याच्याच नावाने हवा. आणि जमलं तर दर महिन्याला सुटं टेबल करण्याऐवजी एका मूळ टेबलाची पार्टिशन्स (भाग) करा. क्वेरी मूळ टेबलावर असेल तर हक्कही फक्त त्याच्यावरच तपासले जातात.