फादरांचं मत चर्चहून वेगळं असेल तर?

वसईकर: लग्नपूर्व शिबिरात एखाद्या फादरांनी 'कृत्रिम संततिनियमन मला पाप वाटत नाही' असं उघड सांगितलं, तर बिशप त्यांना काढू शकतात का? त्यांनी लावलेली लग्नं वैध राहतात का?

पापडीचा पाव: लग्नं वैधच. फादरांच्या मतावर संस्कार अवलंबून नसतो. लागतं ते असं: त्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) प्रमुख धर्मगुरू किंवा त्यांनी अधिकार दिलेले फादर, आणि दोन साक्षीदार (कॅनन ११०८; कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्याचं कलम). घोळ होतो तो पाहुणे फादर अधिकार न घेता लग्न लावतात तेव्हा. ते तपासा, मतं नकोत.

मालवणी माणूस: काढणं सोपं नाही. कॅनन १३६५ प्रमाणे आधी ताकीद; तरी मत मागे घेतलं नाही तरच शिक्षा. प्रमुख धर्मगुरूंना पदावरून हलवायचं तर बिशपना दोन धर्मगुरूंशी चर्चा करावी लागते, मग राजीनाम्यासाठी १५ दिवस द्यावे लागतात (कॅनन १७४२). फादर रोमकडे दाद मागू शकतात. निकालापर्यंत नवा प्रमुख नेमता येत नाही, फक्त तात्पुरता कारभारी. प्रत्यक्षात बहुतेकदा गुपचूप बदलीच होते म्हणा!

पापडीचा पाव: अमेरिकेतले धर्मगुरू आणि धर्मशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स करन बघा. कृत्रिम संततिनियमनाला मनाई करणाऱ्या पोपच्या १९६८च्या 'ह्युमाने व्हिते' या पत्रकाला त्यांनी जाहीर विरोध केला, १९८६मध्ये रोमने त्यांना कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्यास अपात्र ठरवलं. पुरोहितपद मात्र गेलं नाही. आणि समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद देणारे फादर बंडखोर नव्हेत. डिसेंबर २०२३पासून रोमचीच तशी मुभा आहे, फक्त तो लग्नविधीसारखा दिसता कामा नये.